छातीच्या ऑपरेशनचा कागद: एक मागोवा

फुप्फुसाचा काही भाग किंवा एका बाजूचे सबंध फुप्फुस काढण्याची शस्त्रक्रिया घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव इथल्या ग्रामीण रुग्णालयांच्या किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातली नाही. त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या रुग्णापुढे दोन रस्ते असतात. एक पुणे-नाशिक महामार्गाने राजगुरुनगर आणि चाकण ओलांडून पुण्याला जातो. दुसरा ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण करत परळच्या टाटा रुग्णालयाला. ऑपरेशन शहरात होते, पण त्याआधीचे काही आठवडे आणि नंतरचे काही महिने रुग्ण घरीच असतो: कळंबला, बेल्ह्याला, आपटाळ्याला, नाहीतर डिंभ्याच्या पाणलोटावरच्या एखाद्या वाडीत. त्या काळात सर्जन जवळ नसतो, व्यायाम शिकवणारा नसतो, असतो तो हातातला कागद. शहरातला रुग्ण कागदावाचून निभावून नेतो, शंका आली तर रिक्षा करून दवाखाना गाठतो. वाडीवरच्या रुग्णाला कागदावरच विसंबावे लागते, त्यामुळे कागद कच्चा असेल तर ते आधी तिथेच कळते.

शस्त्रक्रियेचा इतिहास या कागदाच्या इतिहासापेक्षा बराच जुना आहे. अमेरिकेत सेंट लुइस येथे एव्हार्ट्‌स ग्रॅहॅम यांनी १९३३ मध्ये कर्करोगासाठी एका बाजूचे सबंध फुप्फुस यशस्वीपणे काढले. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि ग्रॅहॅम यांच्या मृत्यूनंतरही काही वर्षे जगला. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवणारा १९५० चा गाजलेला निबंध ग्रॅहॅम यांनी अर्न्स्ट विंडर यांच्यासह लिहिला. स्वतः ते अनेक वर्षे सिगारेट ओढत होते आणि १९५७ मध्ये याच रोगाने गेले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ मध्ये आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ मध्ये स्थापन झाली. मात्र या दशकांत मराठीत जो मजकूर छापला गेला त्याचा रोख मुख्यतः निरोगी माणसावर होता. गाठ, न भरणारी जखम, बसलेला आवाज अशा धोक्याच्या खुणा सांगायच्या आणि तपासणीला या म्हणायचे. ज्याला रोग झालाच आहे आणि ज्याची छाती उघडायची आहे, त्याला सांगणे हे तोंडी काम समजले जाई. तेही बहुधा रुग्णाला नव्हे, त्याच्या मुलाला किंवा भावाला, खोलीबाहेर बोलावून.

या रिवाजाचा कागदाच्या दर्जाशी थेट संबंध आहे. घरच्यांनी रुग्णापासून रोगाचे नाव लपवायचे ठरवले असेल, तर मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'कर्करोग' छापलेली पुस्तिका मुलाच्या पिशवीतून बाहेर येत नाही. आतले पान कितीही चांगले असो, ज्याने श्वासाचे व्यायाम करायचे त्याला ते दिसतच नाही. 'छातीच्या ऑपरेशनची तयारी' एवढेच नाव असलेली पुस्तिका हा साधा उपाय आहे. तो रुग्णाच्या जाणून घेण्याच्या हक्काशी तडजोड करतो, असा आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. पण न वाचलेल्या पुस्तिकेने कुठलाच हक्क राखला जात नाही.

रुग्णासाठी म्हणून लिहिलेली पुस्तिका मराठीत आली ती भाषांतराच्या वाटेने. ब्रिटनमध्ये डॉ. व्हिकी क्लेमेंट-जोन्स यांना स्वतःला कर्करोग झाल्यावर त्यांनी १९८५ मध्ये कॅन्सरबॅकप ही माहिती देणारी संस्था काढली. एकेका कर्करोगावर एकेक पुस्तिका, ही तिची पद्धत होती. २००८ मध्ये ती मॅकमिलन या संस्थेत विलीन झाली. मुंबईच्या जासकॅप, म्हणजे जीत असोसिएशन फॉर सपोर्ट टू कॅन्सर पेशंट्स, या संस्थेने कॅन्सरबॅकपच्या पुस्तिका परवानगीने घेऊन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उतरवल्या. एका स्वयंसेवी संस्थेने हे एवढे काम उचलले, ही गोष्ट लहान नाही. त्यापूर्वी पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर नेमके काय लिहिले आहे हे मराठीत समजून घेण्याची सोय जवळपास नव्हती.

तरी भाषांतराला त्याची मर्यादा होतीच. मूळ पुस्तिकेचा वाचक ब्रिटिश होता. त्याला घराजवळ कुटुंबाचा डॉक्टर होता, घरी येणारी परिचारिका होती, फोनवर बोलणारा सल्लागार होता आणि उपचाराचा खर्च सरकार करत होते. त्यामुळे पैशाचा विषय अशा मजकुरात असला तर आजारपणातल्या भत्त्यापुरता. दुसरी अडचण काळाची. मूळ पुस्तिका ठरावीक मुदतीने सुधारली जाते, भाषांतर मात्र ज्या वर्षी झाले त्याच वर्षी थांबते. मधल्या काळात छाती मोठी न उघडता दुर्बिणीने, लहान छिद्रांतून करायच्या शस्त्रक्रिया रुळल्या. रोगाचे टप्पे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची आठवी आवृत्ती २०१७ मध्ये आणि नववी २०२५ मध्ये वापरात आली. जुन्या मराठी पानावरचा 'दुसरा टप्पा' आणि आजच्या रिपोर्टवरचा दुसरा टप्पा एकच असेल असे सांगता येत नाही. याला एक छापखानी कारणही जोडावे लागेल. युनिकोडपूर्व काळातला मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा अक्षरवळणांत जुळवलेला असे. तो नव्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे फुटतात. दोन ओळी बदलायच्या तर पुस्तिका पुन्हा टंकित करावी लागते, म्हणून दोन ओळीही बदलत नाहीत.

भाषेचा प्रश्न त्याहून खोल आहे. महाराष्ट्रात भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले आणि शास्त्रीय परिभाषा घडवण्याचे काम पद्धतशीर सुरू झाले. पाठ्यपुस्तकासाठी ती परिभाषा आवश्यकच आहे. पण रुग्णाच्या पुस्तिकेने तीच उचलली की 'खंडोच्छेदन' आणि 'वक्षछेदन' अशी शब्दरचना पानावर येते. यातला 'खंड' हा शब्द विशेष पाहण्यासारखा आहे. जुन्नरच्या शेतकऱ्याला खंड दोन ठिकाणी भेटतो: जमीन खंडाने दिली-घेतली जाते आणि पावसाने खंड दिला की पेरणी धोक्यात येते. 'आपल्या फुप्फुसाचा वरचा खंड काढण्यात येईल' हे वाक्य व्याकरणाला धरून आहे, शास्त्राला धरून आहे आणि ऐकणाऱ्याच्या काही हाती लागत नाही. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन, त्यांतला रोग असलेला एक भाग काढतात आणि उरलेले फुगून बरीचशी जागा भरून काढतात, एवढे सांगितले की चित्र उभे राहते. दोन्ही तालुक्यांत एक्स-रेला छातीचा फोटो म्हणतात. सावली दिसली तर फोटोत डाग आला म्हणतात. बायोप्सी म्हणजे तुकडा तपासायला पाठवणे, किरणोपचार म्हणजे शेक. या शब्दांना अशुद्ध ठरवून त्यांच्याजागी कोशातले शब्द ठेवणाऱ्या पुस्तिकेत वाचकाला आपला आजार ओळखूच येत नाही.

याच काळात खोकल्याविषयीचा सर्वांत यशस्वी छापील मजकूर दुसऱ्याच रोगाचा होता. सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम १९९७ पासून राबवला गेला. आधी तीन आठवडे आणि पुढे दोन आठवडे टिकलेला खोकला म्हणजे बेडका तपासा, हा त्याचा निरोप प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर, एसटी स्थानकांवर, शाळांच्या कुंपणांवर पोहोचला. छापील आरोग्यशिक्षणाचा हा उत्तम नमुना मानावा लागेल: एक लक्षण, एक मुदत, एक कृती. त्याचा परिणाम फुप्फुसाच्या कर्करोगावर मात्र दुहेरी झाला. खोकणारा माणूस तपासणीपर्यंत आला हे चांगले झाले. पण क्षयाचा एवढा प्रादुर्भाव असलेल्या देशात फोटोतला प्रत्येक डाग आधी क्षयाचाच वाटतो, आणि कर्करोगाच्या कित्येक रुग्णांना आधी क्षयाची औषधे दिली गेल्याचे भारतातल्या रुग्णालयांनी वारंवार नोंदवले आहे. बेडक्यात जंतू सापडले नाहीत, औषधे घेऊनही डाग हटला नाही, तर पुढे काय करायचे हे त्या भित्तिपत्रकावर नव्हते. भारतात या रोगाचे बहुसंख्य रुग्ण ऑपरेशनची वेळ टळून गेल्यावर निदानापर्यंत येतात, त्यामागचे हे एक कारण आहे. शस्त्रक्रियेचे रुग्णच थोडे, म्हणून त्यांच्यासाठीच्या पुस्तिकाही थोड्या.

फुप्फुसाच्या कर्करोगाची सर्वाधिक खपाची छापील माहिती कोणत्याही रुग्णालयाने काढलेली नाही. ती विडीच्या बंडलावर आणि सिगारेटच्या पाकिटावर आहे. २००३ च्या तंबाखू कायद्याखालच्या सचित्र इशाऱ्यांची सुरुवात ३१ मे २००९ रोजी झाली. ओढायच्या तंबाखूवर फुप्फुसाचे चित्र आणि खायच्या तंबाखूवर विंचू, पाकिटाच्या पुढच्या भागाच्या ४० टक्के जागेत. विंचवाचे चित्र तंबाखूबद्दल नेमके काय सांगते हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. विंचू पायाखाली येणाऱ्या गावात तर ते एखाद्या कारखान्याचे बोधचिन्हही वाटू शकले असते. पुढे चित्रे बदलत गेली. १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंची ८५ टक्के जागा इशाऱ्याला मिळाली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तंबाखू सोडण्यासाठी मदतीचा फोन क्रमांकही आला. या शेवटच्या बदलाने इशारा भीतीकडून कृतीकडे वळला. अडचण उरली ती सुट्या विक्रीची. टपरीवरून दोन विड्या घेणाऱ्याच्या हाती बंडलाचा कागद येतच नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विड्यांच्या विक्रीवर बंदी आणली, त्यामागे हेही एक कारण होते.

पाकिटावरच्या चित्राने आणखी एक गोष्ट केली, ती नकळत. फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे ओढणाऱ्याचा रोग, हे समीकरण पक्के झाले. भारतात या रोगाच्या रुग्णांत कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांचे प्रमाण लक्षणीय आहे आणि स्त्रियांमध्ये ते अधिक. आहुपे, तळेघर, इंगळूण या पश्चिम पट्ट्यात चुलीचा धूर हा घरातला रोजचा भाग राहिला आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाल्यावर सिलिंडर घरात आला, पण सरपण फुकटचे आणि गॅस विकतचा, म्हणून चूल सगळीकडे विझली नाही. ऑपरेशनपूर्वीच्या पत्रकाची पहिली ओळ 'धूम्रपान ताबडतोब बंद करा' अशी असली, तर जन्मात विडीला हात न लावलेल्या बाईला ते पत्रक आपले वाटत नाही आणि ओढणाऱ्याला ते दोषारोप वाटते. खरे तर त्या सूचनेला ठोस आधार आहे: ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी तंबाखू सुटली तर नंतर कफ साठणे आणि न्यूमोनिया यांचा धोका घटतो. कारण सांगितले की तीच ओळ मदत होते.

छापील माहितीचा दर्जा मोजण्याची साधने या सगळ्या काळात परदेशात घडत होती. रुडॉल्फ फ्लेश यांचे वाचनसुलभतेचे सूत्र १९४८ चे, मॅक्लॉक्लिन यांचे स्मॉग हे सूत्र १९६९ चे. दोन्ही वाक्याची लांबी आणि शब्दातली अक्षरे मोजतात आणि मजकूर कितवी शिकलेल्याला झेपेल ते सांगतात. अमेरिकेत रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या पातळीचा असावा असा संकेत आहे. तिथल्या कर्करोग-पुस्तिका तपासल्या की त्या बहुधा त्याच्या वरच निघतात. मराठीला ही सूत्रे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कारण मराठी प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'दवाखान्यातल्यासारखं' हा लांबलचक शब्द कुणालाही कळतो आणि 'निःस्रव' हा आखूड शब्द कुणालाही कळत नाही. त्या मानाने नंतरची साधने उपयोगी आहेत. डोक, डोक आणि रूट यांची १९९६ च्या पुस्तकातली २२ निकषांची चाचणी मजकुरासोबत चित्रे, मांडणी आणि वाचकाच्या संस्कृतीशी असलेला मेळही तपासते. ४० टक्क्यांखाली गुण मिळाले तर साहित्य अयोग्य ठरते. १९९९ ची डिसर्न ही १६ प्रश्नांची चाचणी उपचाराचे फायदे-तोटे आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे प्रामाणिकपणे सांगितले आहे का ते विचारते. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणेने आणलेली पेमॅट ही चाचणी दोनच गोष्टी वेगळ्या काढते: मजकूर समजतो का, आणि तो वाचून माणसाला काही करता येते का.

दुसरा प्रश्न छातीच्या ऑपरेशनला सर्वांत जास्त लागू पडतो, कारण इथे रुग्णाने स्वतः करायच्या गोष्टी फार आहेत. ऑपरेशननंतर बरे होण्याचा काळ आखणाऱ्या २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत ४५ बाबी आहेत, आणि रुग्णाला भरती होण्यापूर्वी माहिती देणे ही त्यांतली अगदी सुरुवातीची. मराठी पत्रके नेमकी इथेच घसरतात, आणि एक उदाहरण पुरेसे आहे. श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचे एक प्लास्टिकचे यंत्र देतात. ते फुंकायचे नसते, ओढायचे असते. नळी तोंडात धरून हळूहळू श्वास आत घेतला की पहिली गोळी ६००, दुसरी ९०० आणि तिसरी १२०० मिलिलिटर प्रतिसेकंद वेगाला वर उचलली जाते. गोळी वर धरून ठेवायची, की मिटलेले फुप्फुस उघडते. पण बोलण्यात त्याला सर्रास 'फुंकायचं यंत्र' म्हणतात आणि घरी रुग्ण इमानाने फुंकत बसतो. 'स्पायरोमेट्रीचा व्यायाम दिवसातून अनेक वेळा करावा' या ओळीत चूक काहीच नाही, तरी ती निरुपयोगी आहे. 'फुंकू नका, ओढा' या तीन शब्दांनी आणि एका बाणाच्या चित्राने जे होते ते त्या ओळीने होत नाही.

छातीतल्या नळीचेही तसेच. ऑपरेशननंतर हवा आणि पाणी बाहेर यावे म्हणून बरगड्यांमधून नळी घालून ती पाणी भरलेल्या बाटलीला जोडतात. बाटली कायम छातीच्या खालच्या पातळीवर हवी, चालतानाही. नळीला पीळ पडू द्यायचा नाही. श्वासाबरोबर नळीतले पाणी वर-खाली होते ते चांगले लक्षण आहे. शेजारी बसलेल्या नातेवाइकाला ते पाहून घाम फुटतो, कारण हे त्याला आधी कुणी सांगितलेले नसते. खोकताना उशी छातीशी घट्ट धरली की टाक्यांची कळ कमी होते. कळ भिऊन खोकला दाबला तर कफ साठतो. ही माहिती इतकी हाताशी असलेली, इतकी दृश्य आहे की चार चित्रांत मावावी. पण बहुतेक पत्रकांत चित्र असते ते फुप्फुसाच्या आडव्या छेदाचे, शरीरापासून सुटे, हवेत तरंगणारे.

घरी गेल्यावरच्या सूचनांत वजन उचलू नका असे असते. किती वजन, कशाचे, हे या तालुक्यांच्या हिशोबात लिहिलेले क्वचित सापडते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो २० किलोच्या क्रेटने मोजला जातो, मंचरला कांदा गोणीने. पाठीवरचा फवारणीपंप भरला की १६ लिटरचा होतो आणि त्याचा पट्टा नेमका टाक्यांवर येतो. बाईसाठी वजन म्हणजे भरलेला हंडा आणि सरपणाची मोळी. पश्चिमेकडे भातलावणीत दिवसभर वाकून राहणे हे वजन नाही, तरी तो छातीवरचा ताणच आहे. क्रेट, पंप, हंडा आणि लावणी यांची नावे घेणारी सूचना पाळली जाते, आणि 'अवजड कामे टाळावीत' ही सूचना ज्याच्या त्याच्या सोयीने वाचली जाते.

हा कागद डोळ्यांनीच वाचला जाईल असेही नाही. वयस्क रुग्णाला तो शाळेत जाणारी नात वाचून दाखवते किंवा २००५ नंतर गावोगाव आलेली आशाताई. म्हणजे वाक्य डोळ्यांसाठी नव्हे, कानासाठी घडलेले हवे. ज्या नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि एकदा ऐकलेली बतावणी लोक वर्षानुवर्षे सांगतात, तिथे हे वेगळे पटवून द्यावे लागू नये. अर्धविरामांनी लांबवलेले वाक्य वाचून दाखवताना मध्येच तुटते आणि सूचना उलटी होते.

पैशाची आणि हक्काची माहिती मराठी कागदावर उशिरा आली, पण आली ती इथल्याच गरजेतून. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून पुण्यासह राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तिची पत्रके रंगाने शिधापत्रिका ओळखायला लावतात, आरोग्यमित्र कुठे बसतो ते सांगतात, कागदपत्रांची यादी देतात. भाषांतरित पुस्तिकांना जे कधी सुचले नसते ते या पत्रकांत पहिल्याच घडीवर आहे. संमतीपत्राचाही दर्जा न्यायालयाच्या रेट्याने बदलला. समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाला पुरेशी माहिती दिल्याखेरीज घेतलेली संमती खरी नव्हे असे स्पष्ट केले. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले.

गावपातळीवर आशाताईच्या हाती असलेल्या तपासणी-तक्त्यात एक विसंगती राहून गेली आहे. असंसर्गजन्य रोगांच्या सार्वत्रिक तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच कर्करोग आहेत. फुप्फुसासाठी गावात करता येईल अशी तपासणीच नाही, म्हणून त्याचा समावेश नाही आणि त्याविषयीचे शिक्षण-साहित्यही नाही. पण तोच तक्ता तंबाखू, स्वयंपाकाचे इंधन, दम लागणे, दोन आठवड्यांवरचा खोकला आणि थुंकीतून रक्त हे सगळे विचारतो. प्रश्न छापलेले आहेत, उत्तर 'होय' आले तर क्षयापलीकडे कुठे पाठवायचे ते छापलेले नाही.

रुग्णासोबत प्रत्येक घरात पोहोचणारा कागद अखेर एकच, डिस्चार्ज कार्ड. त्यावर निदान, शस्त्रक्रियेचे नाव आणि औषधे इंग्रजीत असतात, कारण ते पुढच्या डॉक्टरसाठी लिहिलेले असते. मराठी असते ती मोकळ्या जागेत, सिस्टरने पेनाने लिहिलेली: सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, टाके कधी काढायचे ती तारीख, ताप आला किंवा धाप वाढली तर लगेच या. गोळ्यांपुढे अर्ध्या सूर्याचे आणि चंद्राचे चित्र काढलेले असते. मंचरच्या किंवा ओतूरच्या डॉक्टरला दाखवायला म्हणून तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, छातीच्या फोटोंसोबत ठेवला जातो.